पायकाचे वाळवण

सहावा महिना लागलेली बाई स्वस्थ बसते, असा माझा समज होता. माझ्या मुलीने तो पहिल्याच आठवड्यात खोडून काढला.

२००६ च्या उन्हाळ्यात मी सांगलीहून अमेरिकेत गेले ती तिच्या बाळंतपणासाठी. ओहायो राज्यातल्या डब्लिन गावात जावयांची नोकरी आणि दोघांचे घर. माझ्या बॅगेत डिंक, खारीक आणि सुंठ होती आणि डोक्यात वेळापत्रक होते. जन्मभर शाळेत शास्त्र शिकवलेल्या बाईच्या डोक्यात ते असतेच. प्रत्यक्षात त्या घरात कोणतीच गोष्ट वेळेवर होत नसे, कारण घरची बाई एका जागी ठरत नसे. ती खुर्चीत बसे, उठे, खिडकीपाशी जाई, संगणकावर कोलोरॅडोचे हवामान बघे आणि पुन्हा बसे.

"बस जरा," मी म्हणे.

"बसलेच आहे की," ती उभ्यानेच म्हणे.

तिच्या अस्वस्थपणाचे कारण जेवणाच्या टेबलावर पसरलेले असे. कागदाच्या शेकडो पुड्या, आणि प्रत्येक पुडीत एकेक वाळलेले शैवाक. शाळेच्या पुस्तकात आम्ही याला दगडफूल म्हणत असू. कवक आणि शैवाल असे दोन जीव एकत्र राहून एकच शरीर बनवतात, एक निवारा देतो, दुसरा अन्न तयार करतो, हे मी फळ्यावर आकृती काढून इतक्या वर्गांना शिकवले होते की ती आकृती मी डोळे मिटून काढीन. पण मसाल्याच्या डब्यातले काळपट दगडफूल सोडले तर प्रत्यक्ष नमुना मी फारसा पाहिला नव्हता. मुलगी विद्यापीठाच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, याच विषयावर संशोधन करत होती. उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात सर्रास वाढणारी काही शैवाके दक्षिणेकडच्या उंच डोंगरमाथ्यांवर तुरळक उरलेली असतात. पूर्वी कोणीतरी ती तिथून गोळा करून संग्रहात ठेवलेली आहेत. ती त्या जागी अजून आहेत का, हा तिचा प्रश्न होता.

बहुतेक जागा तिने आदल्या उन्हाळ्यात पालथ्या घातल्या होत्या. कोलोरॅडोतला एक कडा राहिला होता. तिथला बर्फ जुलैत वितळतो आणि सप्टेंबरात पुन्हा पडू लागतो. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिच्या कामाचे अनुदान संपणार होते. याच ऑगस्टमध्ये त्या कड्यावरचा नमुना मिळाला तर प्रबंधातले एक प्रकरण उभे राहणार होते, नाही तर ते गाळावे लागणार होते. आणि डॉक्टरांनी सांगितले होते, गाडी जाईल तिथवर जा, तेही थोड्या वेळापुरते, पण पायी चढण अजिबात नाही.

"मग कोण चढणार?" मी विचारले.

तिने आधी माझ्याकडे आणि मग सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसलेल्या नवऱ्याकडे पाहिले.

"मी?" जावई म्हणाले. "यार, मला कोथिंबीर आणि पुदिना वेगळा ओळखता येत नाही."

"म्हणून आई बरोबर येतेय."

असे आम्ही दोघे, सासू आणि जावई, तिचे विद्यार्थी झालो. विद्यार्थी म्हणून मी बरी होते. जावई प्रश्न फार विचारत, पण उत्तर ऐकायला थांबत नसत. तिने आम्हांला आधी पुडी बांधायला शिकवली. ते मला शिकावे लागले नाही. आमच्या गल्लीतला वाणी सुतळीशिवाय, चिकटपट्टीशिवाय साखरेची जशी पुडी बांधी, तशीच ती घडी होती. मग भिंग कसे धरायचे ते सांगितले: भिंग डोळ्याला चिकटवायचे आणि वस्तू जवळ आणायची, उलटे नाही. वाळलेले शैवाक ठिसूळ असते, म्हणून उचलण्यापूर्वी त्यावर पाण्याचा फवारा मारायचा. जावयांनी हे सगळे ऐकता ऐकता फवारा माझ्या चष्म्यावर मारून पाहिला.

शेवटी तिने दोन पुड्या उघडून आमच्यापुढे ठेवल्या. दोन्हींत बोटाच्या पेराएवढे, फिकट पिवळे, कुरळे झुपके होते.

"फरक सांगा."

"फरक नाहीये," जावई म्हणाले.

मी भिंग लावले. एकाच्या पट्ट्या पसरट होत्या. दुसऱ्याच्या कडा आत वळून पट्टीची जवळजवळ नळी झाली होती.

"अजून?"

मला अजून काही दिसेना. तिने दोन्ही झुपके उलटे केले. पसरट होता त्याचे बूड गेरूसारखे पिवळट होते. नळीसारखा होता त्याच्या बुडाशी, कोकमाच्या आगळाचा थेंब सांडावा तसा, जांभळट लाल डाग होता.

"सगळे वरचा भाग बघतात," ती म्हणाली. "तुम्ही बूड बघायचं. पसरट आहे तो तिकडे पावलोपावली मिळेल. मला दुसरा हवाय. आणि एक नियम. तो थोडाच असेल, तर तोडायचा नाही. हे वर्षाला जेमतेम दोन-चार मिलिमीटर वाढतं. आपण एक मूठ उचलली की तिथला सगळा वंश उचलला, असं होऊ शकतं."

"आणि थोडाच असला तर तुझं प्रकरण?" मी विचारले.

तिने पुड्या मिटल्या. "तेव्हाचं तेव्हा बघू."

शिक्षिकेला कळते, विद्यार्थ्याला उत्तर येत नसले की तो असेच म्हणतो.

डेन्व्हरला विमानाने आणि तिथून भाड्याच्या गाडीने आम्ही त्या डोंगराखालच्या गावी पोचलो. दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. जावई सावकाश गाडी चालवत होते आणि मुलगी मागे पाय लांब करून बसायच्या ऐवजी दोन सीटांच्या मधून पुढे डोकावत होती. खडकाळ रस्ता झाडांच्या हद्दीपाशी संपला. त्याच्या वर झाड उगवत नाही, एवढी थंडी आणि वारा असतो. तिथे गाडी उभी केली. मुलीने एक वॉकीटॉकी स्वतःकडे ठेवला आणि एक माझ्या गळ्यात अडकवला. वनखात्याचा परवाना जावयांच्या खिशात घातला.

"दुपारी इथे विजा पडतात," ती म्हणाली. "ढग जमायला लागले की परत फिरायचं. काही मिळालेलं असो वा नसो. आई, प्रॉमिस?"

"तू गाडीतून उतरणार नाहीस. प्रॉमिस?"

तिने मान हलवली. वळणावरून मागे पाहिले तेव्हा ती गाडीच्या बॉनेटला टेकून उभी होती.

चढण तशी फार उभी नव्हती, पण हवा विरळ होती. थोडे चालले की छातीत भाता चालल्यासारखे होई. जावई माझ्याहून तरुण, तरी दर वळणावर थांबत.

"आई, मी तुमच्यासाठी थांबतोय," ते म्हणाले.

"मी तुमच्यासाठी," मी म्हणाले. "चला."

माथ्यावर पोचलो आणि मी पहिल्यांदा पाहिले की दगड हा दगडाच्या रंगाचा नसतो. एकेका शिळेवर हिरवट पिवळे नकाशे, शेंदरी ठिपके, राखाडी पापुद्रे. माझ्या आकृतीत हे काही नव्हते. थांबून बघत राहावे असे वाटत होते, पण गळ्यातल्या यंत्रातून आवाज आला.

"पोचलात? जमिनीवर बघा, दगडावर नाही. वाऱ्याच्या आडोशाला. ओव्हर."

"आत्ताच पोचलो. श्वास तर घेऊ दे," मी म्हणाले.

"ओव्हर म्हण, आई."

"ओव्हर."

पसरट झुपके खरोखर पावलोपावली होते. वाकायचे, भिंग लावायचे, बूड बघायचे, सोडून द्यायचे. पाठीचा कणा कुरकुरू लागला. एकदा जावई मोठ्याने म्हणाले, "आई, मिळालं." मी धावत गेले. झुपक्याच्या बुडाशी खरेच काही लालसर होते. मी वॉकीटॉकी उचलला.

"लाल म्हणजे कसलं लाल?" मुलीने विचारले. "आतून की वरून लागलेलं?"

मी ओले बोट फिरवले. लाल बोटाला आले. खालची माती गेरूची होती.

"वरून," मी सांगितले.

मग ती म्हणाली, "ठीक आहे. पुढे चला." तिच्या आवाजावरून ती उभी आहे, हे मला कळले.

पश्चिमेकडे पांढरे ढग उभे वाढू लागले होते. अजून त्यांच्यात काळेपणा नव्हता, पण जावई दर थोड्या वेळाने तिकडे बघत. कड्याचा अर्धा भाग बघून झाला होता. उरलेल्या भागात मोठमोठ्या शिळांचा खच होता, आणि तिथे पाऊल टाकताच कोणीतरी कर्कश शिट्टी मारली.

"कोण आहे?" जावई म्हणाले.

शिळेवर मुठीएवढा एक करडा प्राणी बसला होता. गोल कान, शेपूट नाही, उंदरासारखा दिसणारा पण सशाच्या जातीतला. मुलीने त्याच्याबद्दल सांगितले होते. याला पायका म्हणतात. तो हिवाळ्यात झोपत नाही. बर्फाखाली खायला म्हणून उन्हाळाभर गवत कापून आणतो. त्याने पुन्हा शिट्टी मारली.

"आई, हा आपल्याला शिव्या देतोय."

"देणारच. त्याच्या अंगणात आलोय आपण."

मी सहज त्याच्या शिळेकडे गेले आणि थबकले. शिळेच्या उन्हाकडच्या अंगावर गवताच्या काड्या आणि फुलांचे देठ नीट पसरून ठेवलेले होते. जे वाळले होते ते शिळेखालच्या कपारीत रचलेले, जे ओले होते ते अजून उन्हात. आमच्या घरी चैत्र-वैशाखात गच्चीवर कुरडया आणि सांडगे असेच पसरत, आणि वाळतील तसे उचलून डब्यात भरत. राखण करायला मला बसवत. कावळा आला की मी काठी आपटायची. इथे मीच कावळा होते आणि राखणदार शिट्ट्या मारत होता.

त्या वाळवणात, गवताच्या दोन काड्यांमध्ये, एक फिकट पिवळी नळी होती.

मी जमिनीवर पालथी पडले. गुडघ्यांनी तक्रार केली, ती ऐकून घेतली नाही. भिंग लावले. कडा आत वळलेल्या होत्या. पण तुकडा वरूनच कुरतडून घेतलेला होता. बूड नव्हते. मी ढीग न विस्कटता, तांदूळ निवडावेत तसे एकेक काडी बाजूला करत आत पाहिले. अजून एक तुकडा, बूड नाही. अजून एक. चौथा किंवा पाचवा बहुधा उपटूनच आणलेला होता. तो उलटा केला. बुडाशी जांभळट लाल डाग होता. ओले बोट फिरवले. बोट कोरडे, स्वच्छ राहिले.

"आहे," मी वॉकीटॉकीत म्हणाले. "डाग आतून आहे."

"कुठे? मातीत की शेवाळात?"

"पायकाच्या ढिगात."

"उगवलंय कुठे?"

"ते त्यालाच माहीत."

"मग नाही चालणार, आई." तिचा आवाज बारीक झाला होता. "कुठे वाढतंय हे न बघता मी काय लिहू? लेबलवर काय, सशाच्या घरी सापडलं म्हणून लिहू?"

"पायका," जावई माझ्या खांद्यावरून म्हणाले. "आणि ढग बघ जरा. काळे होतायत. आम्ही निघतो."

"तो ढिगापासून लांब जातो का?" मी विचारले.

"नाही. भीतीमुळे जवळच चरतो. पण जवळ म्हणजे चहूबाजूंना, आई. तुम्ही किती शोधणार? या खाली. खरंच या."

तिने "या" म्हटले, पण तिला काय हवे होते हे मला माहीत होते, आणि जावयांनाही. आम्ही एकमेकांकडे पाहिले. वारा फिरला होता आणि त्याला पावसाचा वास होता.

शाळेत मी मुलांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असे. निरीक्षण म्हणजे शोधणे नव्हे. आधी आपण हलायचे थांबायचे.

"खाली बसा," मी जावयांना म्हटले.

"आत्ता?"

"बसा. आणि गप्प बसा. तो जाईपर्यंत."

त्यांनी आकाशाकडे पाहिले आणि ते बसले. माझ्या प्रत्येक शिरेला उठून पळावेसे वाटत होते. मी पदर नसल्यामुळे जॅकेटची चेन घट्ट धरून बसले. पायकाने आमच्याकडे पाहिले, एकदा शिट्टी मारली, आणि आम्ही हलत नाही असे दिसताच तो उडी मारून गेला. पहिल्यांदा परत आला तो तोंडात गवत घेऊन. दुसऱ्यांदाही तसेच. दूर कुठेतरी गडगडले. जावयांनी माझ्या बाहीला हात लावला. तिसऱ्यांदा तो उजवीकडच्या एका उंचवट्याआड गेला, आणि आला तेव्हा त्याच्या मिशांवर गवताबरोबर पिवळे काही होते.

आम्ही दोघेही एकदम उठलो. उंचवट्याच्या मागे एक खोलगट जागा होती. तिथे बर्फ उशिरापर्यंत राहत असावा, कारण माती अजून ओलसर होती. त्या मातीत, बुटक्या शेवाळाच्या कडेला, नळीसारखे झुपके होते. हातात मावतील इतकेच. मी एका झुपक्याचे बूड त्याला न उपटता, काडीने शेवाळ बाजूला सारून पाहिले. डाग तिथे होता.

"मिळालं," मी म्हणाले. "उगवलेलं. ओलसर माती, उंचवट्याची पूर्व बाजू."

"किती?" मुलीने विचारले.

"माझ्या ओंजळीपेक्षा कमी."

वॉकीटॉकीत नुसती खरखर. ती काय विचार करते आहे ते मला स्वच्छ कळत होते. तिने "घे" म्हटले असते तर मी घेतले असते का, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. ती तसे म्हणाली नाही.

"हात लावू नका," ती म्हणाली. "फोटो काढा. निघा."

"एक मिनिट थांब," मी म्हणाले. "उगवलेलं आहे ते राहू दे. तोडलेलं आधीच तोडलेलं आहे. ढिगातला बूड असलेला तेवढा तुकडा मी आणते."

खालून एक छोटा आवाज आला, हसण्यासारखा. "आण. पण तेवढाच."

जावयांनी दोन्ही जागांचे फोटो काढले. मी तो एक तुकडा फवाऱ्याने भिजवून पुडीत घातला. मग वाटेतल्या गवताच्या चार काड्या उपटून आणून ढिगावर, उन्हाच्या बाजूला, पसरल्या.

"हे काय?" जावई म्हणाले.

"कोणाच्या घरून काही आणलं तर भांडं रिकामं परत देत नाहीत."

"आई, विजा चमकतायत आणि तुम्ही सशाचं भांडं भरताय."

"पायका," मी म्हणाले, आणि आम्ही पळत सुटलो. पळणे म्हणजे त्या विरळ हवेत जमेल तेवढे. झाडांच्या हद्दीपाशी पोचेपर्यंत थेंब पडू लागले होते. मुलगी गाडीत नव्हती. ती पायवाटेवर, पहिल्या वळणापर्यंत वर आलेली होती, जॅकेट डोक्यावर धरून.

"प्रॉमिस?" मी म्हणाले.

"एकच वळण," ती म्हणाली, आणि हात पुढे केला. माझ्यासाठी नाही, पुडीसाठी.

गावातल्या भाड्याच्या खोलीत तिने टेबलावर लहान सूक्ष्मदर्शक मांडला. बाहेर पाऊस जोरात होता. तुकडा उलटा केला, पाहिला, पुन्हा पाहिला. जावई पलंगावर बूट न काढताच आडवे झाले होते.

"तेच आहे," ती म्हणाली.

मला वाटले ती आनंदाने काहीतरी बोलेल. ती एकामागून एक विचारू लागली. उतार किती? माती काळी की रेताड? बाजूला कोणतं शेवाळ? वारा कुठून येत होता? ढिगापासून उंचवटा किती पावलं? मी सांगत गेले, तोंडी परीक्षेला बसल्यासारखी. जे ठाऊक नव्हते तिथे ठाऊक नाही म्हणाले. ती लेबलाचा मजकूर लिहीत गेली आणि मला वाचून दाखवत गेली: पायकाच्या ढिगातून घेतला, जवळच्या खोलगट जागी वाढताना पाहिले, तिथले तोडले नाही.

"असं लेबल हर्बेरियम घेईल का?" मी विचारले.

"खरं असलेलं लेबल घेतात," ती म्हणाली. मग थोडे थांबून, "प्रकरण राहील." आणि पुन्हा थांबून, "फक्त मी नव्हते तिथे."

मी पेल्यात दूध ओतून तिच्यापुढे ठेवले. ती ते घेऊन मागे टेकली, पाय खुर्चीवर घेतले आणि पोटावर हात ठेवला. अमेरिकेत आल्या दिवसापासून मी तिला अशी बसलेली पाहिली नव्हती.

खिडकीवर सरी आपटत होत्या. कड्याच्या दिशेला काहीच दिसत नव्हते, सगळा राखाडी पडदा. मी उठले, काचेपाशी गेले, परत आले, आणि पुन्हा गेले. कपारीतला ढीग कोरडा राहिला असेल. पण शिळेवर उन्हात पसरलेले? ते त्याने आत ओढले असेल का? मी ठेवलेले गवत त्याने ओळखले असेल का, की ते तसेच भिजत पडले असेल?

"आई," मागून मुलगी म्हणाली, "बस ना जरा."

"बसते," मी म्हणाले, आणि खिडकीतच उभी राहिले.